सावधानरावांचा अँप्लिफायर

"ठिणगी उडणार नाही, बोट कापणार नाही आणि बाबांना पत्ता लागणार नाही. तीन तासांचं काम! एक वाजता हात धुऊन जेवायला बसतो की नाही बघ," सावधानराव बायकोला म्हणाले आणि त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं.

बाबांची, म्हणजे सासऱ्यांची, गाडी दारात उभी होती. बंद होती. तिला हेल्मेट कशाला, हे बायकोने विचारलं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

सावधानराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. तिथल्या प्रत्येक भिंतीवर त्यांनी लिहिलेली पाटी होती आणि प्रत्येक पाटीची सुरुवात 'सावधान' अशी होती. जिन्याखाली 'सावधान, पायऱ्या आहेत'. जिना चढून गेलं की 'सावधान, पायऱ्या संपल्या'. त्यांच्या कारकिर्दीत कारखान्यात एकही अपघात झाला नव्हता. उत्पादनही बेताचंच झालं होतं, पण ते खातं त्यांच्याकडे नव्हतं.

तर असा हा माणूस! आठशे कामगार ज्याच्या भरवशावर रोज आत जातात आणि अंगावरच्या सगळ्या अवयवांसकट बाहेर येतात, त्याच्या हातात सासऱ्यांनी अकरा वर्षांत एकदाही आपल्या गाडीची किल्ली दिली नव्हती. साडूला ती लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मिळाली. साडूने गाडी फाटकावर घातली, फाटक नवीन बसवावं लागलं, तरी पुढच्या रविवारी पुन्हा मिळाली! सावधानरावांनी विचारलं की मात्र सासरे म्हणत, "कशाला उगाच त्रास घेता, जावईबापू? मी आहे ना." बोलणं इतकं गोड असे की भांडताही येत नसे. पण मनाला लागायचं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की लागतं. बायको विषय बदलायची, सासूबाई आणखी थोडा चहा ओतायच्या.

आणि काल संध्याकाळी चमत्कार झाला. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, म्हणून दोघं सासरी मुक्कामाला आली होती. "माझ्या डोळ्याला काही झालेलं नाही, डॉक्टरांची हौस आहे," असं ते सगळ्यांना सांगत होते. सकाळी हॉस्पिटलची गाडी येऊन त्यांना घेऊन जाणार होती, पण परत आणून सोडणार नव्हती. साडू परगावी होता. सासऱ्यांनी खोलीभर नजर फिरवली. साडू खरोखरच नव्हता. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली, थोडा वेळ हातात धरली आणि सावधानरावांच्या तळहातावर ठेवली.

"उद्या चारला न्यायला या," ते म्हणाले. "बरोबर चारला हं."

"एक मिनिट इकडचं तिकडे होणार नाही, बाबा!"

"तसं नका म्हणू. एखादं मिनिट झालं तर चालेल."

रात्री सावधानरावांना झोप आली नाही. एवढा विश्वास टाकला आहे, तर नुसतं आणून सोडण्यात काय अर्थ? काहीतरी करून दाखवायला हवं. सासऱ्यांना आता काही दिवस पेपर वाचायला मिळणार नव्हता, म्हणजे बातम्या ऐकणं आलं. गाडीत स्टिरिओ होता, पण त्याचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा यायचा. "मेलं काही ऐकू येत नाही यात," असं सासरे एकदा म्हणालेही होते. सावधानरावांनी ते लक्षात ठेवलं होतं. सकाळी दुकान उघडल्याबरोबर त्यांनी अँप्लिफायर आणला, चांगले स्पीकर आणले, वायरी आणल्या, आणि दुकानदाराने "माणूस पाठवू का बसवायला?" असं विचारलं तेव्हा ते नुसते हसले.

दहा वाजता काम सुरू झालं. म्हणजे कामाची यादी सुरू झाली. यादीत बावीस कलमं होती. बायको एकेक कलम मोठ्याने वाचायची, सावधानराव ते करायचे, बायको पुढे बरोबरची खूण करायची आणि त्या खुणेखाली दोघांची सही व्हायची.

"कलम एक. स्टिअरिंगवर पाटी लावणे."

सावधानरावांनी पाटी लावली. 'सावधान! काम चालू आहे. हात लावू नये.'

"कलम दोन. यंत्राची किल्ली काम करणाऱ्याने स्वतःजवळ न ठेवता जबाबदार त्रयस्थ व्यक्तीकडे देणे." बायको वाचता वाचता थांबली. "हे कशाला? आपण दोघंच तर आहोत."

"कारखान्याचा नियम आहे. काम करणाऱ्याच्या खिशात किल्ली असली की त्याला मोह होतो. अर्धवट कामात यंत्र सुरू करून बघावंसं वाटतं. सगळे अपघात तिथेच होतात."

"पण त्रयस्थ कोण?"

सावधानरावांनी आधीच एक पाकीट तयार केलं होतं. त्यात गाडीची किल्ली घातली, अँप्लिफायरच्या वायरीला लावायचा फ्यूजही घातला, पाकीट चिकटवलं, तोंडावर सही केली आणि ते घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.

"आई, हे तुमच्याकडे ठेवायचं. मी मागितलं तरी काम पुरं झाल्याशिवाय द्यायचं नाही."

सासूबाईंचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांनी हात पदराला पुसले, पाकीट दोन्ही हातांनी घेतलं आणि म्हणाल्या, "जपून ठेवते."

बायकोच्या हातून यादी पडली.

आता त्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. त्या घरात वस्तूंचे दोन प्रकार होते. एक, इकडेतिकडे पडलेल्या. या लगेच सापडायच्या. दुसऱ्या, सासूबाईंनी जपून ठेवलेल्या. घराची कागदपत्रं, मोठ्या मुलीचा शाळेचा दाखला, टीव्हीचा मूळचा रिमोट, आणि एका कानातली कुडी, जी जपून ठेवली म्हणून दुसऱ्या कानातलीही सात वर्षं घालता आली नव्हती, हे सगळं त्या घरात कुठेतरी अतिशय सुरक्षित होतं. पण हे सावधानरावांना कोण सांगणार? त्यांच्या मते सासूबाई म्हणजे घरातली सर्वांत जबाबदार व्यक्ती. तसं ते होतंही.

"अहो, मी सांगते ऐका..." बायको म्हणाली.

"कलम तीन!" सावधानराव म्हणाले.

काम मात्र त्यांनी असं केलं की बघत राहावं. आधी बॅटरीची काळी वायर सोडवली. मग बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूजचं घर बसवलं, म्हणजे पुढे वायर कुठेही घासली तरी आग बॅटरीपर्यंत जायची नाही. बॉनेटमधून वायर आत घेताना पत्र्याच्या भोकात रबराचं कडं घातलं. जाड वायर एका बाजूच्या गालिच्याखालून नेली आणि आवाजाची बारीक वायर दुसऱ्या बाजूने, कारण दोघींना एकत्र झोपवलं की स्पीकर घुंऽऽ करत बसतो. अर्थिंगच्या जागी पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने खरवडला, पत्रा चकचकीत केला आणि मगच बोल्ट आवळला. अँप्लिफायर डिकीत, हवा लागेल असा बसवला. हातमोजे घालून, चष्मा लावून, डोक्यावर हेल्मेट. शेजारचे वायरमनकाका कुंपणाशी येऊन दहा मिनिटं बघून गेले. आयुष्यभर त्यांनी खांबावर चढून दातांनी वायरी सोलल्या होत्या. हा प्रकार त्यांना नवा होता.

"साहेब, बॉम्ब निकामी करताय का?" त्यांनी विचारलं.

सावधानरावांनी उत्तर दिलं नाही. काम करताना बोलू नये, हे कलम अकरा होतं.

तीन तासांचे पाच तास झाले. जेवण राहिलं. पण शेवटी बॅटरीची वायर परत जोडली, हत्यारं मोजून पिशवीत भरली आणि कलम एकोणीसप्रमाणे कुणी मध्येच हात लावू नये म्हणून चारी दारांची बटणं आतून दाबून दारं लावून टाकली. डिकी तेवढी उघडी राहिली, पिशवी तिथे होती म्हणून. तीन वाजले होते. हॉस्पिटल वीस मिनिटांवर.

"कलम वीस," बायको क्षीण आवाजात म्हणाली. "किल्ली परत घेणे."

सावधानराव स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "आई, काम झालं. ते पाकीट द्या."

"कुठलं पाकीट?" सासूबाई म्हणाल्या.

पुढच्या पंधरा मिनिटांचं वर्णन काय करावं! सासूबाईंना पाकीट घेतल्याचं आठवत होतं. जपून ठेवल्याचंही आठवत होतं. किती जपून ठेवलं तेही आठवत होतं. "मी म्हटलं, इथं कुणाच्या बापाचा हात लागायचा नाही!" त्या अभिमानाने सांगत होत्या. फक्त 'इथं' म्हणजे कुठे, तेवढं आठवत नव्हतं.

"आई, आठव ना! आधी काय केलंस?"

"मी इथं उभी होते. दूध तापत होतं. मी पाकीट घेतलं आणि विचार केला..."

"काय विचार केलास?"

"तेच आठवत नाही. दूध उतू गेलं."

कपाटं उपसली गेली. गाद्या उलथल्या. पिठाच्या डब्यात सावधानरावांनी हातमोज्यासकट हात घातला. सुईदोऱ्याच्या डब्यात टीव्हीचा मूळचा रिमोट मिळाला. तो टीव्हीच घरात राहिला नव्हता. ट्रंकेच्या तळाशी शाळेचा दाखला सापडला, आणि बायको ते काम सोडून तिथेच बसून तो वाचायला लागली. "आई, माझी जन्मतारीख वेगळीच आहे की गं यात!" सासूबाई म्हणाल्या, "बघ, म्हणून जपून ठेवला होता."

सव्वातीन झाले. दुसरी किल्ली होती, पण ती सासऱ्यांच्या पँटच्या खिशात, म्हणजे हॉस्पिटलात. सावधानराव ओट्याला टेकून उभे होते. हेल्मेट अजून डोक्यावर होतं. अकरा वर्षांनी मिळालेली किल्ली त्यांनी एक दिवसही नीट सांभाळली नव्हती. ती त्यांनी आपण होऊन, सही करून, दुसऱ्याच्या हातात दिली होती. सासरे विचारतील, किल्ली कुठे? आणि हे सांगतील, आईंनी हरवली? आपल्या चुकीचं खापर सासूच्या डोक्यावर फोडणारा जावई व्हायचं का? त्यांचे डोळे भरून आले. संरक्षक चष्मा असल्यामुळे ते कुणाला दिसलं नाही.

"टॅक्सीने जा ना," बायको म्हणाली.

"मग झालंच! 'गाडी दिली होती, टॅक्सीने आले.' जन्मात परत किल्ली मिळेल का?"

एवढ्यात वायरमनकाका मागच्या दाराने आत आले. घरातल्या आवाजावरून त्यांना अंदाज आला होता. "किल्ली कशाला हवी, साहेब? स्टिअरिंगखालच्या दोन वायरी सोलायच्या, एकमेकींना लावायच्या, गाडी चालू! दोन मिनिटं. पक्कड पण नको, दात आहेत."

ज्या गाडीत त्यांनी पाच तास रबराची कडी घालत घालवले, त्या गाडीत उघड्या वायरी? आणि दातांनी? पण घड्याळात तीन वीस झाले होते. माणसाच्या आयुष्यात असा क्षण येतो. ते काकांकडे बघत होते, काका त्यांच्याकडे बघत होते, आणि सावधानरावांनी खालच्या आवाजात विचारलं, "निदान हातमोजे घालाल का?"

"अगंबाई!" सासूबाई एकदम ओरडल्या. "आठवलं! मी विचार केला, या घरात अशी जागा कुठली जिथं कुणी हात लावणार नाही? आणि मग म्हटलं, अगं, जावईबापूंनी पाटीच लावलीय की! 'हात लावू नये.' ते जरा बॉनेटकडे गेले तेव्हा मी जाऊन गाडीतच ठेवलं. समोरच्या कप्प्यात!"

सावधानराव पाच तास त्या कप्प्यापासून हातभर अंतरावर काम करत होते.

"याहून जपून ठेवायची जागा होती का कुठली, तुम्हीच सांगा!" सासूबाई म्हणाल्या.

नव्हती. खरंच नव्हती. पण ती जागा आता आतून बंद केलेल्या गाडीत होती. राहता राहिली डिकी. कारखान्याचे सुरक्षा अधिकारी हेल्मेटसकट डिकीत शिरले, मागच्या सीटवरून सरपटत पुढे गेले, दोन सीटच्या मधे अडकले, वायरमनकाकांनी मागून ढकललं तेव्हा सुटले, आणि कप्पा उघडून त्यांनी पाकीट हातात घेतलं. तोंडावरची सही शाबूत आहे की नाही ते आधी तपासलं. मग फाडलं.

तीन पस्तीस! फ्यूज बसवला. किल्ली फिरवली. बॅटरी निघाल्यामुळे स्टिरिओ सगळ्या सवयी विसरला होता, घड्याळ बारा वाजले म्हणत होतं. त्याला नव्याने सगळं शिकवायला वेळ नव्हता. सावधानरावांनी आपला फोन त्याला जोडला आणि बातम्या लावल्या.

आणि काय सांगू! आवाज घुमला नाही, फाटला नाही, चिरकला नाही. बाई जणू मागच्या सीटवर बसून बातम्या देत होती. गल्लीच्या टोकाला भाजी निवडत बसलेल्या आजींनी मान वर करून विचारलं, "कुठं पूर आला म्हणे?" वायरमनकाकांनी टाळ्या वाजवल्या. सावधानरावांनी दहा सेकंद ते सुख भोगलं. मग बातम्या बंद केल्या, फोन नियमाप्रमाणे समोरच्या कप्प्यात ठेवून कप्पा लावला, कारण गाडी चालवताना फोनला हात लावणं म्हणजे त्यांच्या मते आत्महत्या, आणि पट्टा बांधून निघाले.

वीस मिनिटांचा रस्ता होता. वीस मिनिटं म्हणजे इतर लोकांची. सावधानराव वळणाच्या शंभर पावलं आधी इंडिकेटर दाखवत. सिग्नल हिरवा असला तरी तो लाल होईल या हिशेबाने जात, आणि मग तो होई. एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला, किराणा घेऊन त्याच रस्त्याने परत आला आणि हात करून गेला.

चार वाजून बावीस मिनिटांनी गाडी हॉस्पिटलच्या फाटकाशी लागली. सासरे रखवालदाराच्या खुर्चीवर बसले होते. एका डोळ्यावर पांढरी पट्टी, दुसऱ्या डोळ्याने घड्याळाकडे बघण्याचा प्रयत्न. रखवालदार उभा होता.

"आलात," सासरे म्हणाले.

"जरा उशीर झाला, बाबा."

"हं."

सावधानरावांनी त्यांना हात धरून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा बांधला, दार लागलं की नाही ते दोनदा बघितलं. अँप्लिफायरबद्दल अजून काही सांगायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मोठ्या रस्त्याला लागलं की अलगद बातम्या लावायच्या, आणि सासऱ्यांचा चेहरा बघायचा. गाडी सुटली. किल्ली सावधानरावांच्या हाताखाली होती, गाडी एकसंध होती, आणि जरासा उशीर सोडला तर दिवस पदरात पडला होता.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

फोन आपण होऊन उचलायचा नसतो, ही सवयही स्टिरिओ विसरला होता. दोन रिंग वाजल्या आणि तिसरीच्या ऐवजी भांड्यांचा आवाज आला. चारी स्पीकरमधून, एकदम स्वच्छ. बायकोने नंबर लावून फोन ओट्यावर ठेवून दिला होता, आणि ती आईशी बोलत होती.

"रिंग जातेय नुसती. उचलणार नाहीतच म्हणा. चालवताना फोन म्हणजे यांना पाप."

"पोचले असतील का गं?" सासूबाई.

"कुठले पोचतायत! चारला पोचायचं तर यांनी काल निघायला हवं होतं!"

सासरे दचकून इकडेतिकडे बघू लागले. "ही कुठून बोलतेय?"

आवाजाचं बटण समोर वीतभर अंतरावर होतं. पण चालत्या गाडीत स्टिअरिंगवरचा हात काढायचा? कदापि नाही! आधी गाडी बाजूला घ्यायला हवी. त्यांनी आरशात पाहिलं. मग दुसऱ्या आरशात पाहिलं. इंडिकेटर दाखवला.

"बिचारे," सासूबाईंचा आवाज आला. "मनाला किती लावून घेतात त्या किल्लीचं. मला तर बघवत नाही."

"पण सांगायचं कसं, आई? यांना वाटतं बाबांचा विश्वास नाही. अगं, विश्वास आहे! वेळ नाही!"

दोघी हसल्या. हसताना सासूबाईंच्या बांगड्या वाजल्या, त्याही वेगवेगळ्या ऐकू आल्या.

बाजूला बसस्टॉप होता. बसस्टॉपवर गाडी थांबवायला मनाई असते. सावधानरावांनी पुढे पन्नास पावलांवरची मोकळी जागा हेरली आणि अत्यंत सावकाश बसस्टॉपवरून पुढे जायला सुरुवात केली. काचा उतरवलेल्या होत्या. स्टॉपवर बारा-पंधरा माणसं होती. त्यांनी बोलणं थांबवलं.

"मावशीला स्टेशनवर सोडायला गेले होते, आठवतं?" बायको सांगत होती. "तिची गाडी सुटली, तिच्या मागची पण सुटली. मावशी शेवटी चार दिवस राहून गेली आपल्याकडे. त्या दिवसापासून बाबांनी कानाला खडा लावला. आणि तूच तर शपथ घातलीस सगळ्यांना, जावयाला सांगायचं नाही म्हणून."

सावधानरावांनी दुसऱ्या गिअरमधून पहिला टाकला. अकरा वर्षं! त्यांना वाटत होतं आपल्यात काहीतरी खोट आहे. सगळ्या घराला कारण माहीत होतं, आणि सगळं घर त्यांचं मन राखायला गप्प बसलं होतं. त्यांना रडावं की हसावं कळेना. तूर्त ब्रेक दाबायचा होता.

सासऱ्यांना आता फार अवघड झालं होतं. "बंद करा हो ते," ते पुटपुटले आणि स्वतःच चाचपडू लागले. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा मुळात कामातून गेलेला. आधी वायपर सुरू झाले. मग त्यांच्या हाताला खरोखरच आवाजाचं बटण लागलं. त्यांनी ते फिरवलं. उलट्या बाजूला.

"पण मी सांगू का?" सासूबाईंचा आवाज रस्ताभर गर्जला. "मला मेलीला जावयाच्याच गाडीत बरं वाटतं. डुलकी तरी लागते! तुझ्या बाबांबरोबर बसलं की जीव मुठीत. वर्षभर त्यांना समोरचं काही दिसत नव्हतं! सिग्नल लाल की हिरवा, मला विचारायचे. आणि मी सांगितलेलं ऐकायचे नाहीत!"

सासऱ्यांचा हात बटणावरच थिजला.

"तरी म्हटलं डॉक्टरांकडे कसे काय गेले ते आपण होऊन," बायको म्हणाली.

"आपण होऊन कुठले! मीच डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, यांना काहीतरी निमित्त काढून बोलवा. म्हणाले, मोफत तपासणी आहे म्हणून सांगतो. लगेच गेले बघ, उड्या मारत!"

बसस्टॉपवरून कुणीतरी हसलं. सावधानरावांनी गाडी मोकळ्या जागेत घेतली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला, चारी दिवे लुकलुकत ठेवले, मागे बघितलं, आणि मग, सगळं नियमानुसार पुरं झाल्यावर, हात पुढे करून आवाज बंद केला.

वायपर कोरड्या काचेवर फिरत होते. सावधानरावांनी तेही बंद केले. दोघंही समोर बघत बसले. जावयाला सासऱ्याकडे बघवेना आणि सासऱ्याला जावयाकडे बघायची सोय नव्हती.

सासरे खाकरले.

"हे आजच बसवलंत?"

"हो, बाबा. तुम्हाला बातम्या नीट ऐकू याव्यात म्हणून."

"आवाज स्वच्छ आहे," सासरे म्हणाले. "शब्द न् शब्द कळला."

अकरा वर्षांतली ही पहिली शाबासकी. सावधानरावांचा ऊर, काय करणार, भरून आलाच. "अर्थिंग नीट धरलंय ना, म्हणून. आणि दोन्ही वायरी वेगळ्या बाजूंनी नेल्यात."

"हं. काढायला किती वेळ लागतो?"

"तीन तास," सावधानराव म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "पाच."

सासऱ्यांनी मान हलवली. पट्टीखालून वाहणारं पाणी रुमालाने टिपलं. डॉक्टरांनी वाहील असं सांगितलंच होतं. घरी ओट्याशी बसलेल्या त्या दोघी आता चहाला आधण ठेवत असतील, आणि दारात गाडीचा आवाज ऐकला की हसत बाहेर येतील, हे दोघांनाही एकदमच दिसलं असावं.

"महिनाभर मला चालवायची मनाई आहे," सासरे म्हणाले. "किल्ली तुमच्याकडेच राहू दे."

"बाबा!" सावधानराव म्हणाले. त्यांनी हँडब्रेक सोडला, आरसे बघितले, इंडिकेटर दाखवला. मनाशी निश्चय केला. आता दाखवायचंच! त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा अ‍ॅक्सिलरेटरवर जरा जोरात पाय ठेवला.

सासऱ्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश, जावईबापू," ते म्हणाले. "सावकाश घ्या. घरी पोचायची आपल्याला काही घाई नाही."